स्ट्रिंग फील्डसाठी पार्सर जनरेट करताना: फील्ड कुठे संपतं हे कोणी सांगायचं?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी,

पणजीत आमचं छोटं काम आहे. सध्या बार्देशातल्या शेतकऱ्यांच्या एका संस्थेची सभासद नोंद जुन्या प्रोग्रॅममधून नव्या प्रणालीत आणतोय. जुना डेटा ठरावीक रुंदीच्या रकान्यांत आहे: नाव ४०, गाव २०, तालुका २०, सर्व्हे नंबर १२, पिन कोड ६. अशा फाइली पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीची मांडणी थोडी निराळी. प्रत्येकीसाठी हाताने पार्सर (फाइल वाचून रकाने वेगळे करणारा कोड) लिहायचा नाही असं ठरवून गो भाषेत एक जनरेटर, म्हणजे तो कोड आपोआप लिहून देणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. स्ट्रक्ट (रेकॉर्डमधल्या फील्डांची, म्हणजे रकान्यांची, यादी) लिहायचं, फील्डपुढे टॅग (छोटी सूचना) द्यायचा, गो जनरेट ही आज्ञा चालवायची, की त्या स्ट्रक्टसाठी वाचणारं फंक्शन तयार.

आकड्यांची फील्डं झटक्यात झाली. बत्तीस बिटांचा पूर्णांक म्हटलं की चार बाइट. बाइटांचा क्रम तेवढा सांगितला की पुढे विचारायला काही उरत नाही. गाडी अडलीय ती स्ट्रिंगपाशी, म्हणजे मजकुराच्या फील्डपाशी. फील्डचा प्रकार स्ट्रिंग आहे एवढ्यावरून जनरेटरने नेमका कोणता कोड लिहायचा? किती बाइट घ्यायचे, कुठे थांबायचं, मोकळ्या जागा छाटायच्या का, कुठल्या एन्कोडिंगमधून (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीतून) वाचायचं? सध्या टॅगमध्ये फक्त रुंदी आहे. तेवढ्यावर काम भागत नाही हे दिसतंय, पण टॅगमध्ये सगळं कोंबलं तर तो टॅग वाचणार कोण, हाही प्रश्न आहे.

तुम्ही हे कसं केलंत, किंवा कसं कराल?

मांडवीकाठ

डिचोलीकर, चांगला विषय काढलात.

पूर्णांकाचा शेवट त्याच्या प्रकारातच असतो, स्ट्रिंगचा नसतो. म्हणून स्ट्रिंगचा शेवट वर्णनात लिहावाच लागतो, आणि तो सांगायच्या रीती मोजक्याच आहेत. ठरावीक रुंदी, आधी लांबी मग मजकूर, शेवटाची खूण, किंवा रेकॉर्ड संपेपर्यंत जे उरलं ते सगळं. स्वल्पविरामांनी रकाने तोडणाऱ्या सीएसव्हीसारखं अवतरणचिन्हांतलं फील्ड खुणेच्या गटातच मोडतं, फक्त खूण मजकुरात आली तर ती दुहेरी लिहायचा नियम सोबत येतो.

जुने प्रोटोकॉल पाहिले तर प्रत्येकाने यातली एक रीत निवडून तिच्याबद्दल चोख लिहून ठेवलंय. एक्सडीआर या डेटा मांडायच्या मानकात (आरएफसी ४५०६, २००६) आधी चार बाइटांत लांबी, मग मजकूर, मग एकूण चारच्या पटीत बसावं म्हणून शून्य बाइटांची भर. ‘पणजी’ यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचं रूढ एन्कोडिंग) १२ बाइट होतो, म्हणून भर नाही. ‘मडगाव’ १५ बाइट, म्हणून लांबी १५ लिहायची आणि मागून एक शून्य. वाचणाऱ्याने तो शून्य ओलांडायचा असतो, मजकुरात घ्यायचा नसतो. जनरेटर नवा असला की ही पायरी हमखास राहते आणि पुढचं प्रत्येक फील्ड एका बाइटने सरकतं. गूगलच्या प्रोटोबफमध्येही लांबी आधी, पण ती व्हॅरिंटमध्ये (आकड्यानुसार कमीजास्त बाइट घेणारा पूर्णांक), बाइटांत मोजलेली, आणि मजकूर यूटीएफ-८ असलाच पाहिजे.

काइताई स्ट्रक्ट हे फाइलीच्या वर्णनातून पार्सर बनवणारं साधन आहे, त्याची माहिती जरूर वाचा. तिथे मजकुराचं फील्ड लिहिलं की आकार किंवा शेवटाची खूण द्यावी लागते. रेकॉर्ड संपेपर्यंत वाचायचं असेल तर तेही उघडपणे लिहायचं. एन्कोडिंग फील्डवर नाहीतर फाइलच्या माथ्यावर हवंच, नाहीतर कंपायलर तक्रार करतो. उजवीकडची भर कोणत्या बाइटची आहे हेसुद्धा वेगळं सांगता येतं.

तुमच्या जनरेटरसाठी मी एवढंच म्हणेन: स्ट्रिंग फील्डपुढे शेवट लिहिलेला नसेल तर कोड तयारच करू नका. फील्डचं नाव आणि ओळ दाखवून थांबा. अंदाजाने काही धरून घेतलं की चूक डेटात उतरते, आणि डेटात उतरलेली चूक तपासायला कोणी बसत नाही.

दर्यावर्दी

मांडवीकाठ, चार रीती म्हणालात, त्यात पाचवी घाला. सी भाषेच्या स्ट्रक्टमधला ३२ बाइटांचा कॅरॅक्टर ॲरे. रुंदी ठरलेली, आणि आत शून्य आलं की मजकूर तिथे संपला. बंदरावरच्या उपकरणांचे लॉग मी वर्षानुवर्षे वाचतोय, बहुतेक असेच असतात.

यात दोन खड्डे आहेत. मजकूर बरोबर ३२ बाइटांचा असेल तर सीचं मजकूर कॉपी करणारं फंक्शन, स्ट्रिंग-एन-कॉपी, शेवटी शून्य लिहीतच नाही. म्हणून ‘शून्यापर्यंत वाच’ असा कोड जनरेट केलात तर तो पुढच्या फील्डात शिरतो. दुसरा खड्डा शून्यानंतरच्या बाइटांचा. स्ट्रिंग-एन-कॉपी उरलेली जागा शून्यांनी भरते, पण साधं स्ट्रिंग-कॉपी भरत नाही. मग तिथे आधीच्या रेकॉर्डचा उरलेला मजकूर पडून असतो. म्हणजे क्रम असा: आधी पूर्ण रुंदी कापायची, मग त्या तुकड्यात पहिलं शून्य शोधायचं, सापडलं तर तिथपर्यंत, नाही सापडलं तर सगळं.

आणि ‘आधी लांबी’ रीत वापरणाऱ्यांनो, लांबीवर विश्वास ठेवून जागा मागू नका. चार बाइटांत ४२९ कोटींच्या वर आकडा बसतो. फाइल खराब असली तर पार्सर एका नावासाठी चार गिगाबाइट मेमरी मागेल. जनरेट केलेल्या कोडमध्ये आधी ‘इनपुटमध्ये एवढे बाइट उरलेत का’ ही तपासणी यायलाच हवी. हाताने लिहिताना माणूस एखाद्या ठिकाणी विसरतो. जनरेटरमध्ये एकदा लिहिलं की सगळीकडे येतं. जनरेटर लिहायचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच.

काजूबी

बाकी सगळं पटलं, पण रुंदी आणि छाटणीला तरी डिफॉल्ट असू द्या की. प्रत्येक फील्डला चार गोष्टी लिहायच्या तर लोक टॅग एकीकडून दुसरीकडे चिकटवत बसतील.

मांडवीकाठ

डिफॉल्ट फाइलच्या पातळीवर द्या. माथ्यावर एकदाच: एन्कोडिंग अमुक, भर अमुक बाजूला अमुक बाइटची. फील्डवर फक्त वेगळं काय ते. मात्र माथ्यावरची ओळ सक्तीची ठेवा. म्हणजे लिहिणाऱ्याने एकदा तरी विचार केलेला असतो.

अबोली

डिचोलीकरबाब, तुमच्या फाइलीत मजकूर देवनागरीत आहे का? असेल तर ‘रुंदी २०’ म्हणजे वीस काय, हे आधी विचारा. बाइट, कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह), की डोळ्यांना दिसणारी अक्षरं?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरी विभागातला प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटांचा. मात्रा वेगळी, हलंत वेगळा, अनुस्वार वेगळा. ‘धारबांदोडा’ म्हणजे दहा कोडपॉइंट, तीस बाइट. वीस बाइटांच्या रकान्यात तो कापला तर ‘धारबां’ एवढे सहा कोडपॉइंट अठरा बाइटांत बसतात, आणि उरलेल्या दोन बाइटांत ‘द’चे पहिले दोन बाइट येतात, तिसरा नाही. ‘म्हापसा’ आणि ‘तिसवाडी’ एकवीस बाइटांचे आहेत. दिसायला एवढीशी नावं, पण वीसच्या रकान्यात दोन्हींचा शेवटचा बाइट तुटतो. वीस हा आकडा तीनने भागला जात नाही, म्हणून काठोकाठ भरलेल्या प्रत्येक शुद्ध देवनागरी रकान्याचं हेच होणार.

अशा वेळी गो काही बोलत नाही. बाइटांवर स्लाइस केलं (तुकडा कापला) की तुटकी स्ट्रिंग मुकाट हातात येते. पुढे ती जेसन या मजकुरी स्वरूपात गेली की तुटलेल्या जागी बदली चिन्ह बसतं, म्हणजे तो काळ्या चौकोनातला प्रश्नचिन्हवाला. नाव कायमचं बिघडलं, आणि कुठेही एरर नाही. म्हणून जनरेट केलेल्या कोडने प्रत्येक मजकूर फील्ड वैध यूटीएफ-८ आहे का ते तपासावं, आणि नसेल तर रेकॉर्ड क्रमांक, फील्डचं नाव आणि बाइटची जागा सांगून एरर द्यावी. परस्पर दुरुस्ती नको.

आता तुमचा डेटा किती जुना आहे ते कळवा. डॉसच्या (विंडोजआधीच्या प्रणालीच्या) काळातला असेल तर तो यूटीएफ-८ नसणार, इस्की (भारतीय लिप्यांसाठीचं जुनं एन्कोडिंग) असायची शक्यता जास्त.

डिचोलीकर

अबोलीताई, बरोबर ओळखलंत. मूळ प्रोग्रॅम डॉसवरचाच. पण आमच्याकडे आलेली फाइल यूटीएफ-८ आहे. संस्थेने मधल्या काळात कोणाकडून तरी रूपांतर करून घेतलं होतं. सगळ्या ओळींची बाइटांतली लांबी सारखी नाही, कोडपॉइंट मोजले तर बहुतेक ओळी सारख्या भरतात. थोड्या ओळी मात्र तशाही जुळत नाहीत.

अबोली

मग चित्र स्पष्ट आहे. इस्कीत (आयएस १३१९४, १९९१) प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत एकेका बाइटचा. मूळ रकाना वीस बाइटांचा होता. रूपांतर करणाऱ्याने आख्खी फाइल एका दमात युनिकोडमध्ये नेली, रकाने न कापता. म्हणून वीस बाइटांचे वीस कोडपॉइंट झाले आणि बाइटांतली रुंदी ओळीओळीला बदलली.

न जुळणाऱ्या ओळी बघा. त्यात ‘ॐ’ किंवा अवग्रह (ऽ) आहे का? इस्कीत ‘ॐ’ दोन बाइटांनी लिहितात: चंद्रबिंदू आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब). युनिकोडमध्ये तो एकच कोडपॉइंट. अवग्रहही तसाच, दंड आणि नुक्ता. म्हणजे नावात ‘ॐ’ आला की ती ओळ कोडपॉइंटांतसुद्धा एकाने आखूड होते आणि पुढचे सगळे रकाने एक घर डावीकडे सरकतात. पिन कोड ४०३ ने सुरू होण्याऐवजी ०३ ने सुरू झालेला दिसेल.

यावर जनरेटरमध्ये युक्ती काढू नका. संस्थेकडे मूळ इस्की फाइल मागा. आधी बाइटांवर रकाने कापायचे, मग प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे डीकोड करायचा. ठरावीक रुंदीच्या कुठल्याही फाइलीला हाच क्रम लागतो. उलट केलात की रुंदीला अर्थ राहत नाही.

दर्यावर्दी

पूर्ण सहमत. गोव्यात तर आणखी एक आहे. पोर्तुगीज वळणाच्या नावांत शेपटीवाला सी (ç) आणि लहरी चिन्हाचा ए (ã) येतो. डॉसच्या ८५० आणि ८६० या कोड पेजमध्ये (कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणारे तक्ते) शेपटीवाला सी एकाच जागी आहे, पण तो ए दोन्हींत वेगळ्या जागी. ४३७ मध्ये तर तो नाहीच. म्हणून थोडी नावं तपासून ‘सी बरोबर आला, म्हणजे ८५०च’ असा निष्कर्ष काढू नका. ए असलेली नावं शोधून त्यांवर तपासा. एन्कोडिंग फील्डनुसार वेगळं देता आलं पाहिजे, कारण एकाच रेकॉर्डमध्ये नाव रोमनमध्ये आणि गाव देवनागरीत असे नमुने मी पाहिलेत.

सावर्डेकर

उशिरा आलो, पण गोच्या बाजूने एक भर घालतो. तुमच्या स्ट्रक्टमध्ये सगळी फील्डं साधी स्ट्रिंग आहेत की तालुका, सर्व्हे नंबर यांना स्वतःचे प्रकार केलेत?

डिचोलीकर

तालुका हा स्ट्रिंगवर आधारलेला वेगळा प्रकार आहे, तालुक्यांच्या यादीशी जुळतो का ते तो तपासतो. सर्व्हे नंबरचं अजून ठरलेलं नाही.

सावर्डेकर

मग जनरेटरमधला तपासणीचा क्रम बघा. स्ट्रिंगवर आधारलेला कोणताही प्रकार घ्या, गोचं रिफ्लेक्शन (प्रोग्रॅम चालताना प्रकार तपासायची सोय) त्याची जात ‘स्ट्रिंग’च सांगतं. गो-टाइप्स पॅकेजमधून मूळ प्रकार विचारलात तरी तेच उत्तर. जनरेटरने आधी जात पाहिली, तर तो तालुक्यातही थेट मजकूर ओततो आणि तुमची यादीची तपासणी कधी चालतच नाही. कंपायलर गप्प, टेस्टही गप्प. आधी विचारायचं ते हे: या प्रकाराला टेक्स्टअनमार्शलर इंटरफेस (मजकुरातून स्वतःला भरून घ्यायची सोय) लागू आहे का? असेल तर अनमार्शलटेक्स्ट बोलवा. नसेल तरच जात बघा. आणि हे विचारताना त्या प्रकाराच्या पॉइंटरला (मेमरीतल्या पत्त्याला) विचारा, कारण ही मेथड जवळपास नेहमी पॉइंटर रिसीव्हरवर असते. नुसत्या प्रकाराला विचारलंत तर ‘नाही’ असं उत्तर येतं.

सर्व्हे नंबरला तर स्वतःचा प्रकार कराच. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन नोंदीच्या) उताऱ्यावर तो ‘४५/२-अ’ असा असतो: मुख्य क्रमांक, पोटहिस्सा, कधी पुढे अक्षर. साधी स्ट्रिंग ठेवलीत तर क्रम लावताना ‘१०/१’ हा ‘२/१’च्या आधी येणार. शहरी भागात वेगळंच, चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर अशी शहर भूमापनातल्या क्रमांकांची जोडी. म्हणून एकाच फील्डमध्ये दोन व्याकरणं येतील हे धरून चला. तुकडे करून ठेवा, पण मूळ मजकूरही शेजारी जपा. जमिनीच्या कागदावर कोणी ‘४५/२ अ’ लिहिलं असेल आणि तुम्ही छापताना ‘४५/२-अ’ केलंत, तर समोरचा माणूस मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून बघतो.

काजूबी

रस्ट भाषा वापरणाऱ्यांसाठी यातला फरक सांगतो. गोचा जनरेटर पूर्ण प्रकार पाहू शकतो, रस्टच्या डिराइव्ह मॅक्रोला (स्ट्रक्टवरून कोड बनवणाऱ्या सोयीला) फक्त टोकन, म्हणजे कोडमधले सुटे शब्द, दिसतात. फील्डपुढे ‘स्ट्रिंग’ हा शब्द आहे एवढंच त्याला कळतं. कोणी त्याच प्रकाराला टोपणनाव दिलं किंवा पूर्ण पाथ लिहिला, तर शब्दावर अवलंबून असलेला मॅक्रो फसतो. म्हणून मॅक्रोमध्ये ‘हा स्ट्रिंग आहे का’ असं विचारूच नये. प्रत्येक फील्डसाठी ‘या प्रकाराच्या फील्ड-वाचक ट्रेटचं (प्रकाराने पुरवायच्या फंक्शनांचा करार) फंक्शन बोलव’ एवढाच कोड जनरेट करायचा. कोणतं फंक्शन ते कंपायलर प्रकार पाहून ठरवतो. शेवट, एन्कोडिंग, भर ही माहिती ॲट्रिब्यूटमधून त्या फंक्शनला द्यायची.

दुसरं, मजकूर कॉपी करायचा की इनपुटमधलाच तुकडा उसना घ्यायचा? रस्टच्या सर्डे लायब्ररीत उसन्या स्ट्रिंगचं फील्ड आपोआप उसनं घेतलं जातं, पण काऊ प्रकाराला (उसना किंवा स्वतःचा, दोन्ही मजकूर चालणारा) तसं वेगळं सांगावं लागतं. आणि मजकुरात एस्केप (बॅकस्लॅश लावून लिहिलेलं चिन्ह) आला की उसना तुकडा चालतच नाही, कारण इनपुटमधले बाइट आणि खरा मजकूर वेगळे. इस्कीतून डीकोड करतानाही तेच, नवी स्ट्रिंग बनवावीच लागते.

जाता जाता, रस्टच्या १.५३ पासून (२०२१) स्ट्रक्टच्या फील्डला ‘तालुका’ असं देवनागरी नावही देता येतं. गोमध्ये नाही, तिथे आयडेंटिफायरमध्ये (कोडमधल्या नावांत) मात्रा चालत नाहीत.

सावर्डेकर

कॉपीवरून आठवलं. गोमध्ये आख्खी फाइल एक स्ट्रिंग म्हणून वाचून फील्डं तिचेच तुकडे ठेवलीत, तर सहा अक्षरी पिन कोड धरून ठेवला तरी पूर्ण फाइल मेमरीत अडकून राहते. जास्त काळ ठेवायची फील्डं स्ट्रिंग्ज पॅकेजच्या क्लोनने (१.१८ पासून) वेगळी करा. जनरेटरमध्ये त्याचा पर्याय द्या.

आणि टॅगमधली शेवटाची खूण जनरेट होणाऱ्या कोडमध्ये घालताना ती नुसती चिकटवू नका. खूण दुहेरी अवतरण किंवा बॅकस्लॅश असली की तयार झालेली फाइल कंपाइलच होत नाही. गोचं कोट फंक्शन वापरा.

वाळपईची

हे सगळं रनटाइमला रिफ्लेक्शनने का करू नये? जनरेटर, मग त्याची फाइल, मग ती कमिट करा. लहान कामाला हे फार नाही का होत?

दर्यावर्दी

एकदाच चालवायच्या स्क्रिप्टला रिफ्लेक्शन पुरे. पण इथे मांडणी फाइलीगणिक बदलते, आणि चुकीचा टॅग डेटा वाचायच्या आधी कळायला हवा. जनरेट केलेली फाइल उघडून तिसऱ्या फील्डसाठी नेमकं काय होतं ते वाचता येतं, संस्थेच्या माणसाला समजावतासुद्धा येतं. फक्त लक्षात ठेवा, गो बिल्ड स्वतःहून गो जनरेट चालवत नाही. टॅग बदलला आणि जनरेट करायचं राहिलं तर जुनाच पार्सर चालत राहतो. बिल्डच्या सर्व्हरवर पुन्हा जनरेट करून फरक आला तर बिल्ड अडवा.

अबोली

आणखी एक, आणि हे मराठी डेटा हाताळणाऱ्या सर्वांसाठी. ‘किनाऱ्याजवळ, मोरजी’ हा पत्ता दोन प्रकारे टाइप होतो. एकात पायमोड्या ‘ऱ’चा स्वतंत्र कोडपॉइंट आणि हलंत, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘र’ आणि नुक्ता असं लिहिलेलं एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची मजकूर एकसारखा करायची रीत) ‘ऱ’मध्ये आणतं, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप आणत नाही. शोध आणि दुहेरी नोंदी काढणं इथेच फसतं.

काजूबी

मग पार्सरनेच ते एकसारखं करून द्यावं?

अबोली

माझं ठाम मत, नाही. फाइलीत जे आहे ते पार्सरने जसंच्या तसं द्यावं. तुलनेसाठी वेगळी किल्ली बनवणारं फंक्शन लिहा: आधी एनएफसी, मग ‘र’, हलंत, झेडडब्ल्यूजे या तिकडीच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत. झेडडब्ल्यूजे सरसकट पुसलात तर ‘ऱ्य’चा ‘र्य’ होईल, म्हणजे रफार, आणि शब्द बदलेल. पार्सरमध्येच बदल केलात तर वाचून परत लिहिल्यावर मूळ बाइट मिळतात का, ही चाचणीही घेता येत नाही.

मांडवीकाठ

त्या चाचणीला पुस्ती. वाचणारा कोड ज्या वर्णनातून बनतो त्याच वर्णनातून लिहिणाराही बनवा. मूळ फाइल वाचा, परत लिहा, बाइटला बाइट जुळवा. शून्यानंतरचा कचरा असलेली फील्डं तेवढी जुळणार नाहीत, ती आधीच वगळा. शिवाय गोचं अंगभूत फझिंग (वाटेल ते बाइट देऊन चाचणी, १.१८ पासून) लावा. अपेक्षा एकच, कसलेही बाइट दिले तरी पार्सरने एरर द्यावी, पॅनिक (मध्येच कोसळणं) नको.

डिचोलीकर

सगळ्यांना देव बरें करूं. संस्थेकडे विचारलं, मूळ इस्की फाइली त्यांच्याकडे सीडीवर आहेत, त्या मिळतील. न जुळणाऱ्या ओळी पाहिल्या, अबोलीताई म्हणाल्या तसे ‘ॐ’ निघाले, बहुतेक दुकानांच्या नावांत.

वर्णन टॅगमधून काढून वेगळ्या फाइलीत नेतोय. सध्या असं दिसतं:

माथा: एन्कोडिंग इस्की-देवनागरी, भर उजवीकडे, भरीचा बाइट ३२
नाव: मजकूर, रुंदी ४० बाइट
गाव: मजकूर, रुंदी २० बाइट
तालुका: प्रकार तालुका, रुंदी २० बाइट
सर्व्हे: प्रकार सर्व्हे-नंबर, रुंदी १२ बाइट, भर डावीकडे, मूळ मजकूर जपा
पिन: मजकूर, रुंदी ६ बाइट, एन्कोडिंग आस्की, भर नाही

रुंदी, खूण, लांबी किंवा ‘शेवटापर्यंत’ यांपैकी एकही नसेल तर जनरेटर थांबतो. एकच शंका उरली: इस्कीत लिपी बदलणारा बाइट असतो ना? तो एखाद्या रकान्याच्या आत आला, तर त्याचा परिणाम पुढच्या रकान्यावर धरायचा का?

अबोली

नाही धरायचा. रकाना कापला की डीकोडर नव्याने सुरू करा, माथ्यावरची लिपी धरून. तो बाइट रकान्याच्या अगदी शेवटी एकटाच सापडला तर त्याच्या जोडीचा बाइट कापला गेलाय असं समजा आणि एरर द्या. मूळ फाइल हाती आली की आधी तो बाइट कुठे कुठे आहे ते शोधून इथे टाका, म्हणजे पुढचं बघू.